वादळ शमल्यानंतरची रात्र

इतिहासातील घटनांस नावे कोण देतो, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. लढाई ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते तेथेच सारे रक्त सांडलेले असते असे नव्हे. आणि तह ज्या राजधानीच्या नावाने प्रसिद्ध होतो, त्याची किंमत पुष्कळदा तिच्यापासून फार दूरच्या खेड्यापाड्यांनी चुकती केलेली असते. वादळांच्या इतिहासासही हाच दोष जडलेला आहे. वादळ समुद्रावर जन्मते, किनाऱ्यावर आदळते आणि जमिनीवर मरते, अशी त्याची तीन अंकी कथा आपण ठरवून टाकलेली आहे. तिसरा अंक संपून पडदा पडला की प्रेक्षक उठून जातात. पडदा पडल्यावर त्याच्यामागे काय घडले, ह्याची वार्ताही त्यांस नसते. अशाच एका पडद्यामागच्या प्रकरणाची हकीकत येथे सांगावयाची आहे. ते घडले अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी व्हर्जिनिया राज्यात, नेल्सन नावाच्या एका डोंगराळ कौंटीत, १९६९ सालच्या ऑगस्ट महिन्यातील १९ व २० ह्या तारखांच्या मधल्या रात्री.

कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याहून पुष्कळ लहान, विस्ताराने एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा, परंतु स्वतःचे न्यायालय, स्वतःचा शेरीफ आणि स्वतःचे दप्तर असलेला मुलूख. नेल्सन कौंटी १८०७ साली ॲमहर्स्ट कौंटीतून वेगळी निघाली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे आणि पुढे व्हर्जिनियाचे गव्हर्नर झालेले धाकटे टॉमस नेल्सन ह्यांचे नाव तिला देण्यात आले. तिचे क्षेत्रफळ सुमारे पावणेपाचशे चौरस मैल. १९६९ च्या सुमारास वस्ती बारा हजारांच्या आत-बाहेर. मुख्य गाव लव्हिंग्स्टन. पश्चिमेच्या अंगास ब्लू रिज नावाची डोंगरांची रांग, आग्नेयेस जेम्स नदी, आणि ह्या दोहोंमध्ये टाय व रॉकफिश ह्या लहान नद्या व त्यांना मिळणारे असंख्य ओढे. सफरचंदांच्या बागा, गुरेढोरे, लाकूडतोड हेच पिढ्यानुपिढ्यांचे व्यवसाय. घरे बहुतेक ओढ्यांच्या काठी. कारण अशा मुलखात सपाट जमीन मिळते ती तेथेच, पाणी तेथेच आणि रस्ताही तेथूनच जाणार. डोंगराळ प्रदेशातील सपाट भूमी ही ओढ्यानेच केव्हातरी दिलेली देणगी असते. ज्याने दिली तो ती परत मागू शकतो, हा विचार मात्र दीडशे वर्षांत तेथे कोणास करावा लागला नव्हता.

आता त्या वादळाकडे वळू. कमील हे त्याचे नाव. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघालेली एक हवेची लाट अटलांटिक ओलांडून आली. १४ तारखेस तिला वादळाचे रूप व नाव मिळाले. क्यूबाच्या पश्चिम टोकावरून ती मेक्सिकोच्या आखातात शिरली, आणि १७ तारखेच्या रात्री मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर, पास क्रिश्चन ह्या गावाच्या परिसरात, जाऊन आदळली. वारा इतका प्रचंड होता की तो मोजणारी यंत्रे मोडून पडली. पुढे शास्त्रज्ञांनी सर्व पुराव्यांची फेरतपासणी करून त्याचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर ठरविला. समुद्राचे पाणी २४ फुटांहून अधिक उंच चढून किनाऱ्यावरील वस्तीवर आले. ह्या भागाची कथा अमेरिकेत सर्वश्रुत आहे, तिची छायाचित्रे सर्वत्र छापली गेली, आणि कमील म्हटले की आजही मिसिसिपीचा किनारा आठवतो. ते यथायोग्यच आहे. परंतु ह्या वादळाने अमेरिकेत जे सुमारे अडीचशे बळी घेतले, त्यांपैकी शंभराहून अधिक मिसिसिपीत नव्हे, तर व्हर्जिनियात गेले. आणि त्यांतीलही बहुतेक त्या एका नेल्सन कौंटीतले होते. पास क्रिश्चनपासून नेल्सन सरळ रेषेत बाराशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

जमिनीवर येताच वादळाचा जोर ओसरू लागतो, कारण त्याला पोसणारे कोमट समुद्राचे पाणी त्यास मिळेनासे होते. कमीलचेही तसेच झाले. मिसिसिपी व टेनेसी ओलांडून ते केंटकीत पोहोचले, तोपर्यंत त्याचा वारा साधारण झाला होता आणि वादळ ही पदवीही त्याच्याकडे उरली नव्हती. तेथून ते पूर्वेस वळले. वर्तमानपत्रांचे लक्ष अर्थातच मागे राहिलेल्या किनाऱ्याकडे लागलेले होते. १९ तारखेच्या रात्रीसाठी व्हर्जिनियात हवामानाचा जो अंदाज वर्तविण्यात आला, त्यात येणाऱ्या प्रलयाची चाहूल नव्हती. नेल्सनमधील माणसे नेहमीप्रमाणे दिवे मालवून निजली.

येथे एका गोष्टीचे स्मरण द्यावेसे वाटते. त्यापूर्वी बरोबर एकच महिना, २० जुलै १९६९ रोजी, मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले होते. आकाशात हवामानाचे उपग्रह फिरत होते. ज्ञानाची कमतरता होती असे त्या काळाबद्दल सहसा कोणी म्हणणार नाही. वाऱ्याचा जीव गेला होता हे खरेच होते. चूक झाली ती वारा म्हणजेच वादळ असे धरून चालण्यात. मेलेल्या वादळाने आखातावरून उचललेले पाणी टाकले नव्हते. ते अजून त्याच्या खांद्यावर होते.

रात्री नऊ-दहाच्या सुमारास पावसास जोर चढला. कमीलने आणलेली बाष्पयुक्त हवा, अटलांटिकवरून येणारा दमट प्रवाह, उत्तरेकडून आलेल्या निराळ्या हवेचा अडसर आणि समोर ब्लू रिजचा उभा चढ, अशा सर्व गोष्टी त्या एका ठिकाणी एकत्र आल्या. डोंगराने हवा वर ढकलावी, ती निवून तिचे पाणी व्हावे, आणि रिकाम्या झालेल्या ढगाची जागा मागून येणाऱ्या भरल्या ढगाने घ्यावी, असा क्रम कित्येक तास चालू राहिला. मेघ पुढे सरकेनात. एकामागून एक त्याच दऱ्यांवर येऊन रिते होत राहिले. विजा जवळजवळ अखंड चमकत होत्या. पाऊस एवढा दाट होता की उघड्यावर सापडलेल्या माणसांस नाकातोंडावर हाताची ओंजळ धरून श्वास घ्यावा लागला, आणि झाडांवरचे पक्षी बसल्या जागी गुदमरून मेले, अशा आठवणी त्या रात्रीतून वाचलेल्यांनी सांगितल्या आहेत.

पाऊस किती पडला? सुमारे आठ तासांत निदान २७ इंच, म्हणजे जवळजवळ ६८५ मिलिमीटर. काही ठिकाणी ह्याहूनही अधिक. पुण्यास साऱ्या वर्षात जेवढा पाऊस होतो, साधारण तेवढाच नेल्सनवर एका रात्रीत पडला, असे म्हटले म्हणजे वाचकांस कल्पना येईल. त्या प्रदेशात सैद्धांतिक दृष्ट्या जास्तीत जास्त किती पाऊस शक्य आहे ह्याचे शास्त्रज्ञांनी केलेले जे गणित आहे, त्याच्या सीमेजवळ ही संख्या जाते. आणि ही संख्या मिळाली कशी, हे तर इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पाऊस पडला तो अगदी अरुंद पट्ट्यात, आणि त्या पट्ट्याच्या गाभ्यात सरकारी पर्जन्यमापक नव्हता. मागाहून तज्ज्ञ मंडळी गावोगाव हिंडली आणि त्यांनी अंगणात राहून गेलेल्या बादल्या, पिंपे, रिकामे डबे ह्यांत साचलेले पाणी मोजले. विसाव्या शतकातील अतिवृष्टीच्या एका असामान्य नोंदीचा आधार हा असा आहे: कोणीतरी सायंकाळी आत न्यावयास विसरलेली बादली.

पावसाने जे केले ते निव्वळ पुराचे काम नव्हते. आधीच्या काही आठवड्यांत पाऊस बरा झाल्यामुळे माती ओली होती. डोंगराच्या उतारावर कठीण खडकावर मातीचा थर पातळ. झाडांची मुळे त्या थरातच गुंतलेली. पाणी मातीत मुरून खडकापर्यंत पोहोचले, त्यास खाली जावयास वाट नव्हती, आणि माती व खडक ह्यांतील पकड सुटली. मग उतारच्या उतार, त्यावरील उभ्या अरण्यासकट, खाली निघाले. वरच्या घळीत सुरू झालेली घसरण खाली येईपर्यंत चिखल, धोंडे आणि ओंडके ह्यांचा लोंढा होत असे. तो अरुंद ठिकाणी तुंबे, क्षणभर बांध घाली, आणि बांध फुटला म्हणजे दुप्पट वेगाने खालच्या वस्तीवर जाई. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक खात्यातर्फे विल्यम्स व गाय ह्या अभ्यासकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ह्या घसरणींचा तपशीलवार अभ्यास आहे. एरवी हजारो वर्षांत व्हावयाची झीज डोंगराच्या त्या अंगांवर एका रात्रीत झाली. ज्या ओढ्यातून उन्हाळ्यात मुले पायांचे घोटे भिजवून पलीकडे जात, त्याच ओढ्यांनी ही कामगिरी केली.

ह्या ओढ्यांत डेव्हिस क्रीक ह्या नावाचा जो ओढा आहे, त्याच्या लहानशा खोऱ्यात पन्नासांहून अधिक माणसे मेली. तेथे एकाच कुळातील वीसांहून अधिक माणसे गेली. आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत पिढ्या जवळजवळच्या घरांत नांदत होत्या, आणि जी जवळीक त्यांचे बळ होती तीच त्या रात्री घातक ठरली. टाय नदीच्या काठचे मॅसीज मिल हे गाव उद्ध्वस्त झाले. एकूण कौंटीत बळी सव्वाशेच्या आसपास. म्हणजे दर शंभर माणसांमागे एकाहून किंचित अधिक. त्यांपैकी तीसांहून अधिक माणसांचे देह कधीही सापडले नाहीत. जे सापडले त्यांतीलही काहींची ओळख पटली नाही. कौंटीतून उत्तर-दक्षिण असा मोठा रस्ता जातो. त्यावरून जाणारा एखादा परका प्रवासीही त्यांत असू शकेल, असा तर्क तेव्हापासून केला जातो. नेल्सनच्या बळींची यादी म्हणूनच कधी पूर्णपणे मिटली नाही.

सकाळ झाली तेव्हा ज्या दऱ्यांत हे घडले त्यांस स्वतःच्या शेजारची दरी जिवंत आहे की नाही हे ठाऊक नव्हते. दूरध्वनीच्या तारा तुटलेल्या, वीज गेलेली, रस्त्यांच्या जागी दगडांचे ढीग. व्हर्जिनियात शंभराहून अधिक पूल वाहून गेले. महिन्यापूर्वी चंद्रावरील माणसाचे शब्द पृथ्वीवर घरोघर ऐकू आले होते. नेल्सनमधील माणसाची हाक मात्र राजधानी रिचमंडपर्यंत जाण्यास कित्येक तास लागले. रिचमंडला ही वार्ता पुढे नदीनेच नेऊन पोहोचविली, असे म्हणावयास हरकत नाही: जेम्स नदीचे पाणी तेथे २८ फुटांहून वर चढले. राज्याचे नुकसान सुमारे १४ कोटी डॉलरांचे झाले. मदतीस स्वयंसेवक, लष्कर आणि धार्मिक मंडळ्या आल्या. त्यांत मेनोनाइट पंथाच्या लोकांनी पुढे पुष्कळ दिवस राहून घरे बांधून दिली. आणि ज्या वादळास मृत म्हणून सोडून देण्यात आले होते, ते २० तारखेस व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरून अटलांटिकवर पोहोचताच पुनः जोर धरून वादळ झाले. हकीकतीचा उपरोध येथे कोणास निराळा दाखवावयास नको.

ह्यानंतर जे झाले ते माझ्या मते ह्या प्रकरणातील सर्वांत विचारणीय अंग आहे. कमीलच्या अनुभवानंतर वादळांची प्रतवारी करण्याची निकड अधिकच भासू लागली, आणि अभियंता हर्बर्ट सॅफिर व चक्रीवादळ केंद्राचे संचालक रॉबर्ट सिम्प्सन ह्यांच्या नावाने ओळखले जाणारे पाच पायऱ्यांचे प्रमाण १९७० नंतरच्या काही वर्षांत प्रचारात आले. कमील हे त्यातील पाचव्या, म्हणजे सर्वोच्च, पायरीचे उदाहरण म्हणून आजतागायत सांगितले जाते. हे प्रमाण अतिशय उपयुक्त आहे, त्याने असंख्य जीव वाचले आहेत, हे निर्विवाद. परंतु ते मोजते वारा. नेल्सनवरून जाताना कमीलची ह्या प्रमाणावर कोणतीच पायरी नव्हती. पाच नव्हे, एकही नव्हे. म्हणजे ज्या वादळाच्या धसक्याने ह्या मोजपट्टीस बळ मिळाले, त्याच वादळाचे अर्धे कर्तृत्व त्या मोजपट्टीच्या बाहेर राहिले.

हे कोणाच्या अज्ञानामुळे झाले असे मी म्हणत नाही. मोजमाप हे नेहमी कोणत्यातरी एका गुणाचेच असते. त्याशिवाय ते मोजमापच होणार नाही. दोष आहे तो आपल्या बुद्धीच्या आळसात. एकदा संख्या हाती आली की आपण तिलाच वस्तू समजू लागतो. दुष्काळ म्हणजे आणेवारी, विद्या म्हणजे गुण, राज्य म्हणजे महसूल, आणि वादळ म्हणजे वारा. संख्या खाली आली की संकट टळले, अशी आपली समजूत होते. नेल्सनमध्ये संख्या शून्यावर आली होती, आणि त्याच रात्री दर शंभरांमागे एक माणूस गेले. १९७० ते १९९९ ह्या तीस वर्षांचा हिशेब पुढे अमेरिकेतील हवामानतज्ज्ञ एडवर्ड रॅपपोर्ट ह्यांनी मांडला. त्यात उष्ण कटिबंधीय वादळांमुळे त्या देशात झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक पावसाच्या पुराने झाल्याचे दिसून आले. वारा नव्हे, समुद्रही नव्हे, ओढे. जी गोष्ट डेव्हिस क्रीकने एका रात्रीत सांगितली होती, ती कागदावर सिद्ध व्हावयास तीस वर्षे लागली.

मग नेल्सनच्या लोकांस ह्याची पूर्वसूचना कोठूनही मिळणे शक्य नव्हते काय? एका अर्थी नव्हते. एका अर्थी होते. डेव्हिस क्रीकच्या तोंडाशी पंख्याच्या आकाराचे जे दगडमातीचे उंचवटे आहेत, ते भूशास्त्रज्ञांनी पुढे खणून पाहिले आणि त्यांतील जुन्या सेंद्रिय अवशेषांचा काळ किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने ठरविला. १९६९ च्या थराखाली त्याच जातीचे जुने थर निघाले. गेल्या सुमारे ११,००० वर्षांत असा प्रकार तेथे पूर्वीही निदान तीनदा घडून गेला होता. ज्या सपाट, सुपीक, घर बांधण्यास योग्य अशा जागेवर माणसे राहत होती, ती जागाच मुळी मागच्या प्रलयांनी रचलेली होती. कौंटीच्या न्यायालयातील दप्तर १८०७ पासूनचे. डोंगराचे दप्तर त्याच्या कित्येक पटींनी जुने. पहिले सर्वांस वाचता येत होते व त्यात असे काही नव्हते. दुसऱ्यात सर्व होते, परंतु ते वाचणारा कोणी नव्हता. आजोबांच्या आठवणीत जे नाही ते घडणारच नाही, हा मनुष्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वाभाविक हेत्वाभास आहे. इतिहासाचा अभ्यास करणारे आम्ही लोकही त्यापासून मुक्त नाही. आमचे आजोबा थोडे अधिक जुने, एवढाच फरक.

हे सर्व गतकालीन आहे, असे मानण्याची सोय राहिलेली नाही. २०२४ सालच्या सप्टेंबरात हेलीन नावाचे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळले आणि दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागातील डोंगरांत त्याने पावसाचा व दरडींचा तोच खेळ मांडला. त्या एका राज्यात शंभराहून अधिक माणसे मेली. ह्या वेळी उपग्रह होते, गणकयंत्रे होती, आणि इशारेही आगाऊ व कडक शब्दांत दिले गेले होते. परंतु ॲशव्हिल भागात पुराची परिसीमा म्हणजे १९१६ सालचा पूर, अशी खूणगाठ शंभर वर्षे बांधलेली होती. पाणी त्या खुणेच्याही वर गेले. इशारा कानावर पडणे निराळे आणि त्याचा अर्थ आपल्या दारापर्यंत आणून पाहणे निराळे. आपल्याकडेही ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव सकाळच्या वेळी डोंगराखाली गाडले जाऊन सुमारे दीडशे माणसे गेली. तेथे चक्रीवादळ नव्हते, मोसमी पाऊस होता. परंतु भिजून सुटलेली माती, तिच्यासकट खाली आलेली झाडे आणि पायथ्याशी विश्वासाने वसलेली घरे, ही कहाणी तीच. उताराला वादळाचे नाव विचारण्याची सवय नसते.

कमील हे नाव नंतर वादळांच्या यादीतून कायमचे काढून टाकण्यात आले. पुनः कोणत्याही वादळास ते दिले जात नाही. नाव निवृत्त करण्याची ही रीत सुंदर आहे, परंतु तिच्यात थोडा धोकाही आहे, कारण नाव गेले म्हणजे संकटही गेले असे वाटू लागते. नेल्सन कौंटीने निराळी रीत धरली. तेथे स्थानिक इतिहासाचे जे छोटे संग्रहालय आहे, त्यात त्या रात्रीच्या आठवणी जपून ठेवल्या आहेत. १९७० सालीच, म्हणजे घाव ओला असताना, त्या प्रलयावर ‘टॉर्न लँड’ हे पुस्तक निघाले आणि वाचलेल्यांच्या तोंडच्या हकीकती लिहून ठेवल्या गेल्या. मोठ्या इतिहासग्रंथांत ह्या कौंटीस क्वचितच एखादी ओळ मिळेल. तरी इतिहासाचे खरे काम तेथे झाले आहे असे मला वाटते. ज्या जागी यंत्र नव्हते तेथे बादलीतील पाणी मोजून ठेवणे, आणि ज्या माणसांचे देह मिळाले नाहीत त्यांची नावे लिहून ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. पुढच्या पिढीतील कोणी त्या ओढ्याकाठी घराचा पाया खणू लागला, तर निदान त्याच्या आजोबांच्या आठवणीत ती रात्र असेल. पूर्वीच्यांस तेवढाही आधार नव्हता.